वीजबिलातली न दिसणारी ओळ : ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी ‘ग्रीन लेव्ही’चा कागद-पेन्सिलीचा हिशेब

जानेवारी २०२६ च्या दुसऱ्या आठवड्यात मावसबहिणीने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. वेम्ब्लीतल्या तिच्या टू-बेडरूम फ्लॅटचं विजेचं बिल, ओट्यावर ठेवून काढलेलं, कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं. खाली एकच ओळ : ‘‘ताई, आमच्याकडे गॅस नाही, दोघंही दिवसभर ऑफिसात, घर तुझ्या निम्मं. तरी वर्षाचा आकडा तुझ्याएवढाच कसा?’’

मी आमचं बिल काढून तिच्या फोटोशेजारी ठेवलं. आमचं हाऊन्स्लोतलं तीन बेडरूमचं घर, चार माणसं, गॅसचा बॉयलर. वर्षाला साधारण २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस. म्हणजे ऊर्जा नियामक ऑफजेम ज्याला ‘टिपिकल’ घर धरतं, जवळजवळ तेवढंच. तिचा फ्लॅट पूर्ण विजेवर : स्टोरेज हीटर, पाणी तापवणारा टाकीतला इमर्शन हीटर, विजेची शेगडी. वर्षाला ५,८०० युनिट. एकूण ऊर्जा आमच्या निम्म्याहूनही कमी, आणि खर्च दोन्हीकडे वर्षाला पावणेअठराशे-अठराशे पौंड.

पहिलं कारण सरळ आहे. जानेवारी ते मार्च २०२६ च्या प्राइस कॅपमध्ये (ऑफजेमने ठरवलेल्या कमाल दरात) विजेचं एक युनिट सरासरी २७.६९ पेन्सला आणि गॅसचं ५.९३ पेन्सला, म्हणजे साडेचार पटींहून जास्त. वीज महाग असण्याची कारणं बरीच आहेत : ती तयार करताना इंधन वाया जातं, तारा आणि खांबांचा खर्च मोठा असतो. पण एक कारण धोरणाचं आहे. गेल्या वीसेक वर्षांत ब्रिटनने पवनचक्क्या आणि सोलरसाठी जे पैसे उभे केले, ते मुख्यतः विजेच्या युनिटवर बसवले, गॅसवर जवळजवळ नाही. त्यालाच वर्तमानपत्रं ‘ग्रीन लेव्ही’ म्हणतात. बातमीत येतो तो सरासरी आकडा. तुमचा आकडा तुमच्या युनिटांवर ठरतो, आणि तो तुमच्या घरी, तुमच्याच बिलावरून काढता येतो. बहिणीबरोबर फोनवर बसून तो कसा काढला, ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. (हे सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी. नॉर्दर्न आयर्लंडची व्यवस्था आणि नियामक दोन्ही वेगळे आहेत.)

आधी चार गोष्टी हाताशी घ्या

महावितरणच्या बिलाची सवय असलेल्या माणसाला इथलं बिल पाहून चुकल्यासारखं होतं. तिकडे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, १६ टक्के वीज शुल्क अशा ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात. पटो न पटो, कशाचे पैसे घेतले ते दिसतं. इथल्या बिलावर युनिटचा दर, रोजचा स्टँडिंग चार्ज आणि व्हॅट एवढंच. लेव्ही युनिटच्या दरात विरघळलेली असते. म्हणून ती बाहेर काढावी लागते.

त्यासाठी हवं ते असं : वर्षभराचा वापर युनिटमध्ये (बिलाच्या दुसऱ्या पानावर किंवा अॅपमध्ये ‘अॅन्युअल कन्झम्प्शन’ या नावाने असतो), टॅरिफचं नाव आणि ते फिक्स्ड (मुदतीपुरता दर पक्का) आहे की व्हेरिएबल (कॅपबरोबर बदलणारं), विजेचा युनिट दर (इकॉनॉमी ७ असेल तर दिवसाचा आणि रात्रीचा वेगवेगळा), आणि मीटरचं आजचं रीडिंग. इथे बिलावर ‘केडब्ल्यूएच’ लिहितात, तेच आपलं युनिट.

रीडिंगच्या आकड्याशेजारी काय लिहिलं आहे ते नक्की बघा. ‘एस्टिमेटेड’ असेल तर कंपनीने अंदाज लावला आहे. बहिणीच्या बिलावर सलग तीन रीडिंग अंदाजाची होती. स्मार्ट मीटर बसवलेला होता, पण तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत सिग्नल पोचत नव्हता. वापराचाच आकडा कच्चा असेल तर पुढचा सगळा हिशेब कच्चा. तिला सांगितलं, आधी खाली जा, फोटो काढ, आकडा कळव. ती गेली आणि अंदाज खऱ्यापेक्षा ३०० युनिटांनी जास्त निघाला.

पहिली पायरी : बिलाचे तीन ढीग करा

एकूण रकमेला २१ ने भागा. येईल तो व्हॅट. घरगुती विजेवर ५ टक्के व्हॅट असतो, म्हणजे प्रत्येक १०५ पेन्समध्ये ५ पेन्स, म्हणून २१. उत्तर बिलावरच्या व्हॅटशी जुळलं पाहिजे.

जुळलं नाही आणि २० टक्के व्हॅट दिसला, तर तिथेच थांबा. काही इमारतींत, विशेषतः दुकानांच्या वर असलेल्या फ्लॅटमध्ये, वीज घरमालकाच्या किंवा मॅनेजमेंट कंपनीच्या व्यावसायिक करारातून येते आणि व्यावसायिक दराने व्हॅट लावला जातो. कधी सोबत क्लायमेट चेंज लेव्हीही असते. ही लेव्ही उद्योग-व्यवसायांसाठी आहे, राहत्या घराच्या विजेवर ती लागत नाही. तुमच्या बिलात किंवा घरमालकाच्या हिशेबात ती दिसली तर लेखी विचारा.

दुसरा ढीग स्टँडिंग चार्ज. जानेवारी-मार्च २०२६ च्या कॅपमध्ये विजेचा दिवसाला सरासरी ५४.७५ पेन्स, म्हणजे वर्षाला जवळजवळ २०० पौंड, एकही दिवा न लावता. यात मुख्यतः तारांच्या जाळ्याचा खर्च असतो. लोक सरसकट याला ‘ग्रीन’ म्हणतात, ते बरोबर नाही. देशाचे १४ वीज-विभाग आहेत आणि प्रत्येकाचा चार्ज वेगळा. लंडनचा कमी, नॉर्थ वेल्स आणि मर्सीसाइडचा बराच जास्त. लिव्हरपूलच्या नातेवाइकाच्या बिलाशी तुलना करताना हे लक्षात ठेवा.

उरला तिसरा ढीग : युनिट गुणिले दर. लेव्ही यात आहे.

दुसरी पायरी : कोणती लेव्ही कशासाठी, हे ओळखा

सगळ्यात मोठी आहे रिन्यूएबल्स ऑब्लिगेशन, थोडक्यात आरओ. एप्रिल २००२ मध्ये सुरू झाली. मार्गेटच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात पवनचक्क्यांची रांग दिसते, ती थॅनेटची, शंभर चक्क्यांची, २०१० मध्ये सुरू झालेली. अशा प्रकल्पांना आरओमधून पैसे मिळतात. व्यवस्था अशी की प्रत्येक वीज कंपनीने विकलेल्या युनिटांच्या प्रमाणात हरित विजेची प्रमाणपत्रं ऑफजेमकडे जमा करायची, नाहीतर ठरलेली रक्कम भरायची. हा खर्च कंपनी आपल्या दरात घालते. नव्या प्रकल्पांसाठी ही योजना मार्च २०१७ मध्ये बंद झाली, पण आत गेलेल्यांना २० वर्षं मदतीचा शब्द दिलेला आहे. पहिल्या तुकडीची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते आणि योजना २०३७ मध्ये पूर्ण मिटते. म्हणजे आज आपण फेडतोय ते बरंचसं जुनं कर्ज आहे. ‘नव्या पवनचक्क्यांमुळे यंदा बिल वाढलं’ असं कोणी म्हणालं तर हे आठवावं.

फीड-इन टॅरिफ ही दुसरी. एप्रिल २०१० ते मार्च २०१९ या काळात ज्यांनी छपरावर सोलर बसवलं त्यांना यातून ठरलेला दर मिळतो. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या जुन्या सोलरवाल्या घराचं उत्पन्न तुमच्या युनिटमधून येतं. ज्यांच्याकडे छप्पर आणि तेव्हा गुंतवायला पैसे होते त्यांना मिळालं, भाडेकरूंनी भरलं. मला हे कायम खटकत आलं आहे.

तिसरी कॉन्ट्रॅक्ट्स फॉर डिफरन्स, सीएफडी. २०१४ पासूनचे मोठे करार यात आहेत. प्रकल्पाला एक पक्का दर ठरवून दिलेला असतो. बाजारभाव त्याखाली गेला तर फरक आपण भरतो, वर गेला तर प्रकल्प फरक परत करतो. २०२२ मध्ये गॅस भडकला तेव्हा या प्रकल्पांनी खरोखर पैसे परत दिले. म्हणून ही लेव्ही दर तिमाहीला कमी-जास्त होते आणि तिची तुलना आरओशी करू नये.

याशिवाय ईसीओ, म्हणजे गरजू घरांत इन्सुलेशन वगैरे करून देण्याची कंपन्यांवरची सक्ती, २०१३ पासूनची. ही वीज आणि गॅस दोन्हींवर असल्यामुळे आमच्यासारख्या गॅसच्या घरालाही लागते. वॉर्म होम डिस्काउंटचा, म्हणजे गरजू घरांना बिलात मिळणाऱ्या सवलतीचा खर्च सगळ्या ग्राहकांवर वाटला जातो. तो पर्यावरणापेक्षा सामाजिक खर्च आहे, पण बातम्यांत एकाच टोपलीत टाकतात. गॅसवर नोव्हेंबर २०२१ पासून ग्रीन गॅस लेव्ही आहे, तिची रक्कम अगदी लहान. आणि २०२५ च्या हिवाळ्यापासून साइझवेल सी अणुवीज प्रकल्पासाठी विजेवर नवी आकारणी सुरू झाली. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे ती सरासरी घराला महिन्याला एक पौंडाच्या आसपास पडते.

हवामानासाठी लावलेला आणखी एक खर्च आहे, पण तो लेव्हीच्या यादीत सापडणार नाही. गॅसवर चालणाऱ्या वीज केंद्रांना कार्बनचे पैसे भरावे लागतात, ते विजेच्या घाऊक भावात मिसळतात. आपल्या हिशेबात तो धरत नाही.

तिसरी पायरी : तुमचा स्वतःचा आकडा

आता कागद घ्या. आरओचा हिशेब कोणालाही करता येतो, कारण त्याचे दोन्ही आकडे जाहीर असतात. २०२५-२६ या वर्षासाठी कंपनीने दर १,००० युनिटांमागे ०.४९३ प्रमाणपत्रं द्यायची असं ठरलं आणि एका प्रमाणपत्राऐवजी भरायची रक्कम ६७.०६ पौंड. दोन्हींचा गुणाकार ३३.०६ पौंड. म्हणजे दर १,००० युनिटांमागे ३३ पौंड, एका युनिटमागे ३.३ पेन्स.

फीड-इन टॅरिफचा भार युनिटमागे साधारण पाऊण पेनी. सीएफडी बदलती आहे, अंदाजासाठी एक पेनी धरू. तिन्ही मिळून युनिटमागे जवळजवळ ५ पेन्स. त्यावर ५ टक्के व्हॅट, कारण लेव्हीवरही व्हॅट लागतो.

बहिणीचा फ्लॅट, ५,८०० युनिट : आरओ १९२ पौंड, फीड-इन ४३, सीएफडी ५८. एकूण २९३, व्हॅटसकट सुमारे ३०८ पौंड.

आमचं घर, २,७०० युनिट वीज : आरओ ८९, फीड-इन २०, सीएफडी २७. एकूण १३६, व्हॅटसकट सुमारे १४३ पौंड.

फोनवर ती काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मी गॅस जाळत नाही म्हणून दुप्पट भरते?’’ या तीन लेव्हींपुरतं उत्तर होय असंच आहे. आमच्या ११,५०० युनिट गॅसवर यातली एकही लागत नाही. हवामानासाठी घेतलेला पैसा कमी प्रदूषण करणाऱ्या घराकडून जास्त घेतला जातो, आणि लंडनच्या नव्या इमारतींत, भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये, नुकतीच इथे आलेली आपली किती मुलं राहतात ते आठवून बघा.

तरीही एक गोष्ट सरळ सांगायला हवी. बिलं भडकली ती लेव्हीमुळे नव्हे. ऑक्टोबर २०२१ मध्ये टिपिकल घराची प्राइस कॅप १,२७७ पौंड होती, वर्षभरात ऑफजेमचा आकडा ३,५४९ वर गेला. त्या काळात लेव्ही फारशी बदलली नव्हती, गॅसचा घाऊक भाव बदलला होता, आणि ब्रिटनमध्ये विजेचा भाव बहुतेक वेळा गॅसची केंद्रं ठरवतात. या लेव्हीतून उभं राहिलेलं कामही खरं आहे. २०१२ मध्ये देशाची जवळजवळ ४० टक्के वीज कोळशावर होत होती. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोअरचं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. माझी तक्रार पैसे घेण्याबद्दल नाही, ते कोणाच्या खिशातून आणि कोणत्या मापाने घेतले याबद्दल आहे.

चौथी पायरी : एप्रिल २०२६ चा बदल आपल्या बिलात उतरतो का, ते बघा

२६ नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये चॅन्सेलर, म्हणजे अर्थमंत्री, रेचेल रीव्ह्ज यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. घरगुती ग्राहकांवरच्या आरओच्या भारापैकी ७५ टक्के खर्च एप्रिल २०२६ पासून तीन वर्षं सरकारी तिजोरीतून जाईल, आणि ईसीओ योजना गुंडाळली जाईल. दोन्ही मिळून सरासरी घराला वर्षाला १५० पौंडांचा दिलासा, असं सरकारचं म्हणणं.

हाही आकडा सरासरी. आपला आकडा काढू. आरओचे ३.३ पेन्स चौथ्या भागावर येतात, म्हणजे युनिटमागे सुमारे २.५ पेन्सची बचत, व्हॅटसकट २.६. बहिणीला यातून वर्षाला सुमारे १५० पौंड, आम्हाला ७०. ईसीओचा भाग वेगळा, त्यात आमच्या गॅसचाही वाटा आहे. (मी २०२५-२६ चेच आकडे धरले आहेत. नव्या वर्षाचे आकडे थोडे हलतात, हिशेबाची रीत तीच.)

हा खर्च नाहीसा झालेला नाही, बिलातून करात गेला आहे. मला ते जास्त न्याय्य वाटतं. कर कमाईच्या मापाने जातो. युनिटवरची लेव्ही थंडी वाजण्याच्या मापाने जात होती. पूर्वीही असं घडलं आहे : सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने बिलं गोठवली तेव्हा सुमारे १५० पौंडांच्या हरित लेव्ही तात्पुरत्या ग्राहकांवरून काढल्या होत्या, आणि पुढे त्या परत आल्या. म्हणून तीन वर्षांची मुदत डोक्यात ठेवा.

प्रत्यक्षात काय बघायचं? व्हेरिएबल टॅरिफवर असाल तर एप्रिल २०२६ च्या कॅपमध्ये विजेचा युनिट दर आपोआप बदलतो. फिक्स्डवर असाल तर कंपनीकडून ईमेल आला का ते शोधा, स्पॅममध्येसुद्धा. आला नसेल तर लेखी एकच प्रश्न विचारा : ‘आरओ आणि ईसीओमधली कपात माझ्या फिक्स्ड दरात किती पेन्सने आणि कोणत्या तारखेपासून दिली?’ उत्तर पेन्समध्येच मागा. ‘तुमच्या टॅरिफमध्ये लाभ समाविष्ट आहे’ या उत्तरावर थांबू नका. बजेटनंतर नवा फिक्स्ड घेतला असेल तर दर ठरवतानाच कपात धरलेली असू शकते, तेही विचारून घ्या.

आणि दीडशे पौंड पूर्ण दिसले नाहीत तर लगेच फसवणूक समजू नका. त्याच १ एप्रिल २०२६ पासून विजेच्या मोठ्या वाहिन्या आणि गॅसच्या जाळ्यांसाठी ऑफजेमचा नवा पाच वर्षांचा दरकाळ सुरू होतो, त्यात जाळ्यांचा खर्च वाढलेला आहे. एका खिशात आलेलं थोडं दुसऱ्या खिशातून जाईल.

पाचवी पायरी : लेव्ही कशाने कमी होते, कशाने होत नाही

कंपनी बदलून लेव्ही टळत नाही, सगळ्याच कंपन्या ती भरतात. ‘१०० टक्के ग्रीन’ टॅरिफ घेऊनही टळत नाही. बरेच लोक समजतात की आपण हरित वीज घेतो तर हरित लेव्हीतून सुटका असणार. तसं काही नाही. वीज वापरायची वेळ बदलूनही आरओ कमी होत नाही, ती रात्रीच्या युनिटलाही तेवढीच. उलट इकॉनॉमी ७ चा रात्रीचा दर समजा १५ पेन्स असेल, तर त्यातले ५ पेन्स लेव्हीचे, म्हणजे तिसरा हिस्सा. वेळ बदलल्याने विजेच्या घाऊक भावाचा आणि जाळ्याचा फायदा मिळतो, तो घ्यावाच, पण लेव्ही घटते ती फक्त ग्रिडमधून घेतलेली युनिटं घटली की.

मग युनिटं कुठे जातात? बहिणीच्या घरात आम्ही इन-होम डिस्प्लेवर, म्हणजे चालू वापर दाखवणाऱ्या छोट्या पडद्यावर, एक संध्याकाळ लक्ष ठेवलं. ९ किलोवॉटचा इलेक्ट्रिक शॉवर दहा मिनिटं : दीड युनिट, ४१ पेन्स, त्यातले ८ पेन्स लेव्हीचे. बादलीभर पाण्याने अंघोळ करणारी आपली माणसं इथे येऊन पंधरा मिनिटं शॉवरखाली उभी राहतात, तेव्हा डिस्प्लेचा दिवा लाल होतो. इमर्शन हीटर ३ किलोवॉटचा. ‘गिझर चालू राहू दे, पाहुणे यायचेत’ ही घरची सवय इथे पाणी तापत असेपर्यंत तासाला ८० पेन्सहून जास्तीला पडते. टाकीला टाइमर लावला आणि जाकीट घातलं की हा खर्च कमी होऊ शकतो. कुकर मात्र निर्धास्त लावा. डाळ-भाताच्या एका कुकरने जेवढी वीज वाचते तेवढी उघड्या पातेल्याने कधीच वाचणार नाही.

स्टोरेज हीटरबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे ही वस्तूच नाही. आत विटा असतात. त्या रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसा ऊब सोडतात. वर दोन बटणं : ‘इनपुट’ म्हणजे रात्री किती तापायचं, ‘आउटपुट’ म्हणजे किती वेगाने ऊब सोडायची. बहिणीच्या घरी आउटपुट चोवीस तास पूर्ण उघडं होतं. सगळी ऊब सकाळी ती ऑफिसात असताना संपायची आणि संध्याकाळी ती दिवसाच्या महाग दराने फॅन हीटर लावायची. आता नियम असा केला : झोपताना आउटपुट कमी, घरी आल्यावर उघडायचं, आणि इनपुट उद्याचा हवामान अंदाज बघून. दुसरी गोष्ट, मीटर खरंच इकॉनॉमी ७ चं आहे का आणि टॅरिफही तेच आहे का, हे तपासा. स्टोरेज हीटर असूनही एकाच दराचं टॅरिफ घेतलेली घरं मी पाहिली आहेत. रेडिओ सिग्नलवर चालणारी जुनी मीटरं जून २०२५ अखेरपासून टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. तुमचं तसं असेल तर बदलून घ्यायला कंपनीच्या मागे लागा.

स्वतःचं घर आणि छप्पर असेल तर सोलर हा लेव्हीतून सुटायचा सगळ्यात थेट मार्ग. छपरावरचं युनिट घरातच वापरलं तर त्यावर आरओ, फीड-इन, सीएफडी, व्हॅट, काहीच नाही. दक्षिण इंग्लंडात एका किलोवॉटच्या पॅनलमधून वर्षाला साधारण ९०० ते १,००० युनिट मिळतात. उरलेली वीज स्मार्ट एक्स्पोर्ट गॅरंटीखाली विकता येते, दर कंपनीकंपनीत खूप वेगळे असतात, तुलना करा. बसवून घेतलेल्या पॅनल आणि बॅटरीवर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे.

गॅस बॉयलर जुना झाला असेल तर हीट पंपाचा (बाहेरच्या हवेतली ऊब घरात आणणाऱ्या विजेच्या यंत्राचा) हिशेब आता नव्याने मांडा. आमच्या घराचा मांडला : ११,५०० युनिट गॅसचे ६८२ पौंड आणि गॅसचा स्टँडिंग चार्ज १२८, एकूण ८१०. तेवढीच ऊब हीट पंपाला सुमारे ३,४५० युनिट विजेत देता येते (बॉयलर ९० टक्के कार्यक्षम, पंप एका युनिटला तीन युनिट ऊब देणारा धरून). जानेवारी-मार्च २०२६ च्या दराने ९५५ पौंड, म्हणजे तोटा. आरओची कपात धरली तर सुमारे ८६५. अंतर पुष्कळ मिटतं. इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीमचं ७,५०० पौंडांचं अनुदान आहे. पण तीन युनिट ऊब मिळायची तर घर नीट बंदिस्त हवं आणि रेडिएटर मोठे हवेत. गळक्या खिडक्यांच्या घरात हा हिशेब कोलमडतो.

सहावी पायरी : जे आपण भरतो, त्यातलं आपल्याला काय मिळू शकतं

वॉर्म होम डिस्काउंट, १५० पौंड, हिवाळ्यात थेट बिलावर. २०२५-२६ च्या हिवाळ्यापासून उत्पन्नावर आधारित सरकारी भत्ता घेणाऱ्या घरांना तो मिळतो. स्किल्ड वर्कर किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर असे भत्ते घेता येत नाहीत, तेव्हा हा दरवाजा बंद आहे. व्हिसा धोक्यात घालून अर्ज करू नका.

पण साठ-सत्तरच्या दशकात आलेल्या आपल्या काका-काकूंचं काय? पेन्शन क्रेडिटला (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांच्या सरकारी भत्त्याला) पात्र असूनही ‘सरकारचे पैसे कशाला’ म्हणून न घेणारे मला माहीत आहेत. पेन्शन क्रेडिट मिळालं की डिस्काउंटची वाट उघडते. एक बारीक अट मात्र घात करते : वीजबिल भत्ता घेणाऱ्याच्या किंवा त्याच्या जोडीदाराच्या नावावर हवं. पुष्कळ घरांत ‘बाबांना कटकट नको’ म्हणून मुलाने खातं स्वतःच्या नावावर केलेलं असतं, आणि तिथेच १५० पौंड जातात. या रविवारी आई-बाबांच्या बिलावर कोणाचं नाव आहे ते बघा. वय झालेल्यांची किंवा लहान बाळ असलेल्यांची नावं प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये घाला. ते फुकट आहे आणि वीज गेली तर त्यांना आधी मदत मिळते.

भाडेकरूंसाठी : घरमालक तुम्हाला वीज ‘विकत’ असेल, म्हणजे बिल त्याच्या नावावर आणि पैसे तुमच्याकडून, तर तो स्वतः भरतो त्याहून जास्त दर लावू शकत नाही. ऑफजेमचा कमाल पुनर्विक्री दराचा नियम आहे. मूळ बिल मागा. एप्रिलमधली कपात त्याच्या बिलात आली असेल तर तुमच्या हिशेबातही यायला हवी.

चुकीच्या बिलाची तक्रार लेखी करा, तारीख जपून ठेवा. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे स्वतंत्र तक्रार निवारकाकडे जाता येतं, फुकट. आणि कंपनीच्या चुकीमुळे कधी बिल आलंच नसेल, तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही.

३१ मार्चची रात्र

बहिणीच्या फ्रिजवर आता चिठ्ठी लावली आहे. ३१ मार्चला झोपण्यापूर्वी खाली जायचं, टॉर्च न्यायचा, मीटरच्या दोन्ही आकड्यांचा, दिवसाच्या आणि रात्रीच्या, तारखेसकट फोटो काढायचा आणि १ एप्रिलला सकाळी अॅपमध्ये भरायचा. तिचा मीटर अजून सिग्नल पकडत नाही. आकडा दिला नाही तर कंपनी अंदाज लावणार, आणि मार्चच्या थंडीतली काही युनिटं जुन्या दरात की नव्या दरात, हे तिसराच कोणी ठरवणार. तिने मला विचारलं, दोन्ही आकड्यांपैकी वरचा रात्रीचा का खालचा? तिच्या मीटरवर ‘रेट १’ रात्रीचा निघाला. तुमच्या मीटरवर उलटं असू शकतं. रात्री साडेबाराच्या पुढे हीटर चालू असताना कोणता आकडा सरकतो ते एकदा उभं राहून पाहा, म्हणजे कळेल.